सेंट्रिंग आणि सेंटर

कागदावर छापलेलं वाक्य चांगलं होतं. ‘मुलगी आता रोज सेंटरवर जाते.’ ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, “मी असं बोललेच नव्हते.”

त्या बोलल्या होत्या, ‘पोरगी आता रोज सेंट्रिंगवर जाते.’ बारा वर्षांची पोर वर्ग सोडून बापाबरोबर स्लॅबखालच्या फळ्या उचलायला लागली होती. साइटवरून निघताना ताईंनी ते मोबाइलमध्ये बोलून ठेवलं. इंजिनिअरनं ते रेकॉर्डिंग एआयच्या साधनात टाकलं. साधनानं ऐकलं, लिहिलं, वर व्याकरणही नीट करून दिलं. ‘ट्रिंग’चं ‘टर’ झालं आणि शाळा सुटलेली मुलगी वर्गात जाऊन बसली.

ही गोष्ट मोशीतली. पुणे-नाशिक रस्त्यावरून आत वळलं की दर पावसाळ्याला एखादा नवा टॉवर उभा दिसतो, आणि वारा फिरला की कचरा डेपोचा वास येतो. बोऱ्हाडेवाडीपासून डुडुळगावपर्यंत बांधकामं चालू आहेत. प्रत्येक बांधकामाच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग असते. त्या रांगेतल्या मुलांसाठी वर्ग चालवणारी एक छोटी संस्था हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसते. मी शनिवारी तिचे हिशेब बघतो. बोलणारे दोघं. ताई बावीस वर्षं हेच काम करतात. इंजिनिअर चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे आणि सुट्टीच्या दिवशी इथे येतो. संस्थेनं एआय वापरावं, असा त्याचा सहा महिन्यांचा आग्रह होता. त्या वाक्यावरून विषय निघाला तो चहा दोनदा होईपर्यंत चालला. मला आठवतं तसं लिहितो.

इंजिनिअर: चूक माझी आहे, ताई. छापण्याआधी मी वाचायला हवं होतं.

ताई: तू वाचलं असतंस तरी काय कळलं असतं? तू त्या पोरीला पाहिलंयस कुठे? वाक्य शुद्ध आहे. अशुद्ध वाक्यावर माणूस थबकतो, शुद्ध वाक्यावरून नजर सरळ घसरून जाते.

इंजिनिअर: आमच्याकडेही तेच दुखणं असतं. वाकडा पार्ट कुणालाही दिसतो. गेजमधून पास होऊन गेलेला खराब पार्ट थेट गाडीत जाऊन बसतो.

ताई: मग हे झेंगट हवंय कशाला? माझ्या वहीत ‘सेंट्रिंग’च लिहिलं होतं.

इंजिनिअर: मार्चसाठी हवंय. गेल्या मार्चमध्ये तुम्ही किती दिवस साइटवर गेला नव्हता?

ताई: नऊ.

इंजिनिअर: नऊ दिवस तुम्ही या खुर्चीत होता. तीन कंपन्यांचा सीएसआरचा पैसा, तीन फॉरमॅट, त्यातला एक इंग्रजीत. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आलं, मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करणं भाग पडलं, हे चांगलंच झालं. पण त्या दोन टक्क्यांच्या हिशेबाची किंमत तुमचे डोळे मोजतात. तो रिपोर्ट एका दुपारी होणार असेल, तर आठ दिवस साइटला मिळतात. तुम्ही म्हणता यंत्र वापरण्यात धोका आहे. मान्य. न वापरण्यातही आहे, तो रिपोर्टात येत नाही इतकंच.

ताई गप्प झाल्या. त्यांच्यासारखी बाई गप्प झाली की समोरच्याचा मुद्दा लागलाय असं समजावं.

इंजिनिअर: आणि इंग्रजीचं काय? मुंबईतल्या एखाद्या संस्थेत प्रस्ताव लिहायला वेगळा माणूस असतो. तुमचं काम त्यांच्याहून कमी नाही, पण तुमचं इंग्रजी कमी आहे म्हणून फाइल खाली जाते. हे साधन तुमच्या मराठीचं नीट इंग्रजी करून देतं. गरिबाच्या हातात फुकटचा कारकून आला, तर वाईट काय झालं?

ताई: ते घेते मी. भाषांतर कर, पत्रं लिही, बेरजा तपास. पण गेल्या वेळी त्यानं लिहिलेलं वाच. ‘उपक्रमामुळे वंचित बालकांच्या जीवनात आमूलाग्र परिवर्तन घडून आले.’ कुठे घडलं? अठरा मुलांना हातच्याची बेरीज यायला लागली. तेवढंच लिही ना.

इंजिनिअर: त्याला तेवढंच लिहायला सांगता येतं.

ताई: मग सांग. आणि सांगूनही त्यानं फुलं लावली, तर ती खुडायचं काम कुणाचं हेही लिहून ठेव.

इथे इंजिनिअरनं पिशवीतून लॅपटॉप काढला. त्याला पुढचं दाखवायचं होतं. कोणती मुलं वर्ग सोडण्याच्या बेतात आहेत, हे हजेरीवरून आधीच सांगणारी यादी. त्यासाठी तो उदाहरण घेऊन आला होता, आणि उदाहरण वजनदार होतं.

इंजिनिअर: मुंबईत अरमान नावाची संस्था आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली सुरू केली. गरोदर बायकांना, तान्ह्या बाळांच्या आयांना फोनवर रेकॉर्ड केलेले निरोप ऐकवतात. कोणत्या महिन्यात काय खावं, लस कधी द्यावी. ‘एममित्र’ म्हणतात त्याला. अडचण अशी की बऱ्याच जणी मध्येच ऐकणं सोडतात. मग संस्थेचा माणूस स्वतः फोन करून विचारतो, काय झालं? पण बायका लाखांत, फोन करणारे मोजके. कुणाला करायचा? मिलिंद तांबे यांच्या गुगलमधल्या गटानं संस्थेबरोबर बसून त्यावर मॉडेल केलं.

ताई: आणि?

इंजिनिअर: २३,००३ बायकांवर सात आठवडे तपासलं. तीन गट. एका गटाला असा फोनच नाही. दुसऱ्याला पाळीपाळीनं. तिसऱ्याला यंत्रानं काढलेल्या यादीप्रमाणे. पाळीनं फोन केलेल्या गटात म्हणावा असा फरक पडला नाही. यादीप्रमाणे केला तिथे गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. फोन करणारे तितकेच, फक्त कुणाला करायचा ते बदललं.

ताई: फोन कोणी केला?

इंजिनिअर: माणसानं.

ताई: आणि ज्यांना केला नाही, त्यांचे निरोप बंद झाले?

इंजिनिअर: नाही. रेकॉर्ड केलेले निरोप सगळ्यांना जातच होते. वरचा फोन कुणाला, एवढंच यंत्रानं ठरवलं. आणि त्यांच्या माहितीत जात, धर्म हे रकानेच नाहीत.

ताई: हे मला पटतं. कुणाच्या ताटातलं काढलं नाही, वाढपी कुठे आधी पोचावा एवढंच ठरवलं. आता आपलं बघू.

त्यांनी कपाटातून हजेरीची वही काढली. लांबट, कापडी पुठ्ठ्याची. मधलं पान उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. नावापुढे दहा दिवस ‘ह’ आणि मग पुढचे सगळे चौकोन मोकळे, त्यांच्यावर आडवा एकच शब्द: ‘गावी’.

ताई: हा यादीत येईल?

इंजिनिअर: सलग वीस दिवस गैरहजर. वरच येईल.

ताई: त्याची आई बाळंतपणाला परभणीला गेलीय. दीड महिन्यात परत येणार, पाटीदप्तर माझ्याकडे ठेवून गेलाय. आता खालची ओळ. पूर्ण महिना हजर आहे बघ. ही तुझ्या यादीत येणार नाही. पण तिच्या बापाचा मुकादमाशी हिशेबावरून वाद झालाय. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ते कुटुंब रात्रीतनं चाकणला नाहीतर तळेगावला जाईल. हे वहीत कुठे आहे? हे मला पाणी भरायच्या रांगेत कळलं.

इंजिनिअर: म्हणजे यंत्राकडे माहिती कमी आहे. वाढवता येईल.

ताई: नको. मुकादमाशी कुणाचा वाद आहे, हे मी संगणकात लिहून ठेवू? तो संगणक उद्या कोण उघडेल? बिल्डरच्या ऑफिसात आपले दोन वर्ग चालतात, विसरू नकोस. काही गोष्टी मला माहीत असतात आणि त्या माझ्यापाशीच राहतात, म्हणून तर बायका मला सांगतात.

इंजिनिअरनं लॅपटॉप अर्धा मिटला. मग त्यानंच तो विषय काढला, जो त्याला टाळता आला असता.

इंजिनिअर: जातीचा रकाना आपल्या वहीत आहे.

ताई: शिष्यवृत्तीच्या अर्जाला लागतो.

इंजिनिअर: तो काढून दिला तरी भागत नाही. आडनाव आणि गाव राहिलंच. आडनावावरून जात ओळखायचं यंत्राला शिकवावं लागत नाही, आपल्याकडची माहितीच ते शिकवते.

ताई: बघ, हे तू बोललास ते बरं झालं. मी रेशनच्या कामात पाहिलंय. तेलंगणात काय झालं माहितीये ना? सरकारनं ‘समग्र वेदिका’ नावाची यंत्रणा लावली, सगळ्या खात्यांच्या याद्या एकमेकींना जोडल्या. एका रिक्षावाल्याचं नाव कुणा मोटार असलेल्या माणसाशी जुळलं, म्हणून त्याच्या घरचं रेशन बंद. कार्ड रद्द करताना घरी येऊन कुणी विचारलं नाही. सुमारे १९ लाख रद्द कार्डांची पुन्हा तपासणी करा, असं २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. आमच्या साइटवर एकाच बापाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी असतं. आधारवर एक, मुकादमाच्या वहीत एक, पोराच्या दाखल्यावर तिसरं. तुझं यंत्र त्याची तीन माणसं करील, नाहीतर तिघांचा एक करील.

इंजिनिअर: म्हणून नावाची यादी बाहेरच्या साधनात टाकायचीच नाही. त्यात आता कायदाही आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले, बहुतेक बंधनं दीड वर्षाच्या मुदतीनं लागू होणार. अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण त्यात मूल. त्याची माहिती वापरायची तर आईबापांची खात्री करता येईल अशी संमती हवी. मुलांच्या बाबतीत चूक झाली, तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

ताई: आपल्या खात्यात दोनशे कोटींतले किती आहेत, ते यांना विचार.

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी पासबुक दाखवलं नाही.

इंजिनिअर: संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषेत वाचायची सोय हवी, असंही आहे. बावीस भाषा. हिंदी आली, ओडिया आली, मराठी तर आहेच.

ताई: गोरमाटी?

इंजिनिअर: नाही.

ताई: आपल्या वर्गात अकरा लमाण पोरं आहेत. आणि भाषा असली तरी काय? मी कागद पुढे केला तर आई अंगठा देणार. कागद वाचून नाही देणार, मी आहे म्हणून देणार. असा अंगठा घ्यायला मला लाज वाटते. ‘नाही’ म्हटलं तरी पोर वर्गात बसेल, हे तिला आधी खरं वाटलं पाहिजे. मग संमती.

इंजिनिअर: ते नियमात लिहू. पहिलं वाक्य हेच.

चहा आला. ताईंनी बशीत ओतून घेतला. मग एकदम विचारलं.

ताई: तू सगळं जमलेलं सांगतोस. एखाद्या संस्थेचं फसलेलं सांग.

इंजिनिअर: अमेरिकेतलं आहे. खाण्याशी संबंधित मानसिक आजार असतात, पोरी जेवण तोडतात, उपाशी राहतात. त्यांच्यासाठी एक राष्ट्रीय संस्था हेल्पलाइन चालवायची, वीसेक वर्षं. २०२३ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांनी युनियन केली. थोड्या दिवसांत संस्थेनं हेल्पलाइन बंद करायचं जाहीर केलं. ‘टेसा’ नावाचा बोलणारा प्रोग्राम होता, मदतीसाठी त्याच्याकडे बोट दाखवलं. तो त्याच आजाराच्या माणसांना वजन कमी कसं करायचं, उष्मांक कसे मोजायचे, ते सांगायला लागला. मे महिन्याच्या अखेरीस तो बंद करावा लागला.

ताई: माझे मिस्टर भोसरीला एका कंपनीत वेल्डिंगला होते. रोबो आला तेव्हा साहेब म्हणाले, एकही माणूस कमी होणार नाही. कमी केला नाहीच. कंत्राट संपल्यावर नवं दिलं नाही, एवढंच. तेव्हापासून मला यंत्राची भीती वाटत नाही, ‘माणूस कमी होणार नाही’ या वाक्याची वाटते.

इंजिनिअर: टेसा वाईट होता म्हणून ते फसलं असं मला वाटत नाही. फोन उचलणारी माणसं काढली आणि मग चूक बघायला कुणी उरलं नाही, म्हणून फसलं. अरमाननं माणूस ठेवला आणि त्याचा फोन योग्य दारी पोचवला.

ताई: हां. आता तू माझ्या बाजूनं बोलतोयस.

इंजिनिअर: नाही. मी माझ्याच बाजूनं बोलतोय. आमच्याकडे नवी मशीन आली की पहिल्या दिवशी उत्पादन लावत नाही. ट्रायल घेतात. रोज पहिला पार्ट मोजून, सही होऊन मग लाइन चालू. आणि लाइनवर प्रत्येक स्टेशनला बटण असतं. काही चुकलं तर हेल्परही लाइन थांबवू शकतो, मॅनेजरला विचारायची गरज नाही. थांबवली म्हणून त्याला बोलायचं नाही, हा नियम. तीच शिस्त इथे आणू.

ताई: आपला हेल्पर कोण?

इंजिनिअर: साइटवरच्या शिक्षिका. त्यांनाच ‘सेंट्रिंग’ माहीत आहे.

ताई: त्यांना महिन्याला मिळतात किती, माहितीये? त्यातल्या दोघी दहावी झालेल्या. चाकणच्या इंजिनिअरनं बसवलेलं यंत्र चुकलं, असं त्या तोंडावर म्हणतील?

हा प्रश्न मला त्या दुपारचा सगळ्यात महत्त्वाचा वाटला. थांबवायचं बटण बसवणं सोपं असतं. ते दाबणाऱ्याच्या मनात ‘माझी नोकरी जाईल का’ हा प्रश्न येऊ न देणं, हे अवघड काम आणि ते कोणत्याही साधनाबरोबर विकत मिळत नाही. जबाबदारीनं एआय वापरणं म्हणजे चांगलं साधन निवडणं, असं आपण समजतो. त्या टेबलावर ही जबाबदारी उलट्या टोकानं ठरत होती. सगळ्यात कमी पगाराच्या बाईचं ‘हे चुकलंय’ किती लवकर ऐकलं जातं, इथून.

इंजिनिअर: मग असं करू. महिनाभर मीच त्यांच्यासमोर बसतो. यंत्रानं लिहिलेलं त्यांनी वाचायचं आणि चुका शोधायच्या. ज्या जास्त शोधतील त्यांचं कौतुक. चूक शोधणं हेच काम, तक्रार नाही.

ताई: कागद घे. लिही.

पाठकोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली गेली. डावीकडे ‘द्यायचं’, उजवीकडे ‘द्यायचं नाही’. डावीकडे भराभर भरलं: रिपोर्टचा कच्चा मसुदा, पत्रांचं इंग्रजी, पालकांसाठी हिंदी-ओडिया सूचना, गणिताच्या सरावाचे कागद, खर्चाच्या बेरजांची तपासणी. उजवीकडे वेळ लागला. मुलांची नावं, फोटो, फोन नंबर. जात. आजार. घरातली भांडणं. मुकादमाचं काहीही. कोणत्या मुलाला वर्गात घ्यायचं आणि कोणाला नाही. खाली दोन ओळी आल्या. रेकॉर्डिंग करताना नाव घ्यायचं नाही, नुसता वहीतला नंबर. फुकटच्या खात्यात टाकलेला मजकूर कंपनी स्वतःचं यंत्र शिकवायला वापरू शकते, म्हणून ती सोय बंद केल्याशिवाय काही टाकायचं नाही.

गळतीच्या यादीवर मात्र एकमत झालं नाही.

इंजिनिअर: वर्ग चार आहेत तोवर तुम्हाला सगळी पोरं पाठ आहेत. उद्या चौदा झाले तर? तुमचं डोकं चौदा साइटवर जाणार नाही. यादी जाईल.

ताई: चौदा झाले तर चौदा बायका नेमू.

इंजिनिअर: पैसे?

ताई: त्यासाठी तुझं यंत्र प्रस्ताव लिहील ना.

तो हसला, पण हरला नव्हता. जुन्या, नावं काढलेल्या हजेरीवर एकदा करून बघू, यादी काय म्हणते आणि ताईंना आधीच काय माहीत होतं ते समोरासमोर ठेवू, असं त्यानं सुचवलं. ताई म्हणाल्या, दिवाळीनंतर बघू. आमच्या संस्थेत ‘दिवाळीनंतर’ म्हणजे नकार नव्हे, होकारही नव्हे.

मग तो पुन्हा पहिल्या कागदाकडे आला. पेन घेऊन त्यानं ‘सेंटरवर’ खोडलं आणि वर ‘सेंट्रिंगवर’ लिहिलं. पण पेन तिथेच थांबलं.

इंजिनिअर: हे रिपोर्टात ठेवायचं? आधीचं वाक्य त्यांना आवडलं असतं.

ताई: त्यांना आवडलं असतं, तुला आवडलं होतं. खरं सांगते, पहिल्यांदा वाचताना क्षणभर मलाही बरं वाटलं होतं. म्हणून तर ते निसटत होतं. ठेव. खाली लिही, संस्था पाठपुरावा करत आहे.

इंजिनिअर: करतेय का?

ताईंनी बशी पालथी घातली आणि खुंटीवरची पिशवी खांद्याला लावली. आधी बापाशी बोलायचं, मग मुकादमाशी, आणि ऐकलं नाही तर १०९८ ला फोन, असा त्यांचा क्रम ठरलेला होता. जिन्याच्या पहिल्या पायरीवरून त्या मागे वळल्या.

“रिपोर्ट तू पुरा कर,” त्या म्हणाल्या, “मी साइटवर जाते. एवढ्यासाठीच घेतोय ना आपण ते?”